हायड्रोजनवर वाद घालायचाय? आधी युनिटचा हिशेब मांडा

‘हायड्रोजन हेच उद्याचं इंधन’ असा विषय वादविवाद स्पर्धेत आला की अनुकूल बाजू दोन मुद्दे हमखास मांडते: नळकांड्यातून फक्त पाण्याची वाफ निघते, आणि पेट्रोलपेक्षा ऊर्जा तिप्पट. प्रतिकूल बाजू हिंडेनबर्ग या हायड्रोजन भरलेल्या हवाई जहाजाची आग काढते. तिन्ही मुद्दे अर्धवट आहेत आणि जाणकार परीक्षकाच्या एका प्रश्नात कोसळतात. हा वाद आकड्यांनी जिंकता येतो, आणि लागणारं गणित आठवीच्या पलीकडचं नाही.

तयारीची सुरुवात विषय अरुंद करण्यापासून करा. ‘इंधन’ म्हणजे कशाचं? स्कूटर, एसटी, खताचा कारखाना, मालवाहू जहाज या प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. कागदावर एक वापर, एक अंतर आणि एक वजन लिहा. त्याखाली लिहा: हायड्रोजन हा ऊर्जेचा स्रोत नाही, वाहक आहे. आज वापरात असलेला जवळजवळ सगळा हायड्रोजन नैसर्गिक वायू, कोळसा आणि खनिज तेलापासून बनतो. उरलेला विजेने पाणी फोडून. त्यामुळे ‘सौर की हायड्रोजन’ हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. खरा प्रश्न असा: सौर वीज बॅटरीत भरायची, थेट वापरायची, की हायड्रोजनच्या रूपात साठवायची?

आता सगळं एका मापात आणा. महावितरणच्या बिलावरचं युनिट, म्हणजे 1 किलोवॉट-तास, यासाठी उत्तम. 1 किलो हायड्रोजनमध्ये 33.3 युनिट ऊर्जा असते. 1 लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9, डिझेलमध्ये 10, इथेनॉलमध्ये 6, आणि 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180. पाणी फोडून 1 किलो हायड्रोजन बनवायला इलेक्ट्रोलायझरला 50 ते 55 युनिट वीज लागते.

इथे एक सापळा आहे. हायड्रोजन जळून झालेल्या वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता धरली तर त्याच किलोत 39.4 युनिट मोजले जातात. म्हणून कंपनीच्या पत्रकात यंत्राची कार्यक्षमता 72 टक्के दिसते आणि तुमच्या हिशेबात 60. दोन्ही बरोबर आहेत, पण गाडीतल्या फ्युएल सेलला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या यंत्राला, ती जास्तीची उष्णता उपयोगी पडत नाही. वाहनांच्या वादात 33.3 च धरा आणि समोरच्याने 39.4 धरला असेल तर तसं विचारा.

‘तिप्पट ऊर्जा’ हे वजनाच्या मापात खरं आहे, टाकीच्या मापात नाही. 700 बार, म्हणजे हवेच्या साधारण 700 पट, दाबाखालीही 1 लिटर जागेत सुमारे 40 ग्रॅम हायड्रोजन मावतो, म्हणजे 1.3 युनिट. तेवढ्याच जागेत पेट्रोल 9 युनिट देतं. टोयोटा मिराईत 5.6 किलो हायड्रोजन भरायला 140 लिटरच्या आसपास जागा जाते, तीही जाड कार्बन-फायबरच्या टाक्यांची.

आता खरी कसोटी: स्रोतापासून चाकापर्यंतची साखळी. पुणे–अहिल्यानगर मार्ग घ्या. एसटीची पहिली ‘शिवाई’ ई-बस 1 जून 2022 रोजी याच मार्गावर धावली. जाऊन-येऊन 240 किलोमीटर. 12 मीटरच्या विजेच्या बसला किलोमीटरला सुमारे 1.2 युनिट धरा, म्हणजे 288. तारांतली आणि चार्जिंगमधली गळती धरून वीजकेंद्रात साधारण 350 युनिट. हायड्रोजन बसला 100 किलोमीटरला 8 किलो धरले तर 19 किलो लागतील. प्रत्येक किलोला बनवायचे 55 आणि दाबून भरायचे 5 असे 60 युनिट. एकूण 1,140. तेवढ्याच प्रवासाला सव्वातीनपट वीज.

प्रतिकूल बाजूसाठी हा सर्वांत मजबूत आकडा आहे, म्हणून अनुकूल बाजूने त्याचं उत्तर घरूनच न्यावं. हायड्रोजन बसची टाकी पाव तासात भरते, बॅटरीला तासच्या तास लागतात. दिवसाला किती फेऱ्या होतात, बॅटरीच्या वजनामुळे ट्रकमधला किती माल कमी होतो, हे मांडा. लांब पल्ल्याच्या जड वाहतुकीत वाद खरोखर अटीतटीचा होतो. शहरातल्या मोटारीसाठी हायड्रोजनची बाजू लढवणं मात्र आमच्या मते हरलेली लढाई आहे.

स्वच्छतेचा मुद्दा आला की वीज कुठली ते विचारा. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 55 ने गुणा: हायड्रोजनच्या किलोमागे 38 किलोंहून जास्त. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनमागे 9 ते 10 किलोच जातो. म्हणजे ग्रिडच्या विजेवर पाणी फोडलं तर आजच्या ‘राखाडी’, म्हणजे वायूपासूनच्या, हायड्रोजनच्या चौपट धूर. भारताने ऑगस्ट 2023 मध्ये ‘हरित’ म्हणण्यासाठी वर्षाच्या सरासरीने किलोमागे 2 किलोंची मर्यादा ठरवली, ती याचसाठी. आणि ‘फक्त वाफ’ हे फ्युएल सेलपुरतं खरं. हायड्रोजन इंजिनात जाळला तर हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात.

किमतीचा दावा तपासायची सोपी रीत: विजेचा दर गुणिले 55. अडीच रुपये दराने नुसत्या विजेचेच 137 रुपये होतात. यंत्र, पाणी, साठवण वेगळी. वक्ते इथे यंत्राचे चालू तास विसरतात. 1 मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर तासाला 18 किलो देतो. वर्षभर अखंड चालला तर सुमारे 1.6 लाख किलो. फक्त उन्हाच्या 2,000 तासांत 36 हजार. यंत्राचं कर्ज तेवढंच, माल चौथ्या हिश्श्याहून कमी. म्हणून स्वस्त दुपारच्या विजेचा हायड्रोजन आपोआप स्वस्त होत नाही.

सरकारी आकडेही असेच पडताळा. 4 जानेवारी 2023 रोजी मंजूर झालेल्या 19,744 कोटींच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य आहे 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन, त्यासाठी 125 गिगावॉट नवी अक्षय वीज. 50 लाख टनांना 27,500 कोटी युनिट लागतात. 125 गिगावॉट वर्षातले 25 टक्के तास पूर्ण क्षमतेने चालले तर 27,375 कोटी मिळतात. आकडे जुळतात, म्हणजे ‘ही वीज पुरणारच नाही’ असा हल्ला चढवू नका. ‘एवढीच वीज आधी कोळसा बंद करायला का वापरू नये?’ हा हल्ला टिकतो.

पाण्याचंही तसंच. रासायनिक हिशेबाने किलोला 9 लिटर, म्हणजे 50 लाख टनांना 1.6 टीएमसी, शुद्धीकरण आणि थंड करणं धरून दोन-तीनपट. 105 टीएमसीच्या कोयनेपुढे हे थोडं आहे. पण प्रकल्प टँकरवर जगणाऱ्या तालुक्यात असेल तर राज्याची सरासरी काढून उत्तर होत नाही. प्रश्न ठिकाणाचा आहे, तसाच मांडा.

हायड्रोजनची सगळ्यात भक्कम जमीन रस्त्यावर नाही, कारखान्यात आहे. 1 टन अमोनियात 176 किलो हायड्रोजन असतो. थळच्या आरसीएफसारखा खतकारखाना तो नैसर्गिक वायूपासून घेतो. तिथे बॅटरी पर्यायच नाही, कारण हायड्रोजन हा कच्चा माल आहे. लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन काढायलाही तेच: पोलादाच्या टनामागे साधारण 55 किलो. अनुकूल बाजू मिळाली तर भाषणाचा अर्धा वेळ इथे द्या.

ऊस आणि इथेनॉल महाराष्ट्रातल्या सभागृहात येणारच. एकरी 40 टन ऊस, टनाला रसापासून 70 लिटर, म्हणजे 2,800 लिटर, सुमारे 16,800 युनिट उष्णता. इंजिन त्यातली बरीचशी वाया घालवतं. 1 मेगावॉट सौर प्रकल्पाला 4 ते 5 एकर लागतात आणि तो वर्षाला 15 लाख युनिट देतो, एकरी 3 लाख. फरक अठरापट. इथेनॉलच्या बाजूने सांगण्यासारखं हे, की पंप आणि गाड्या तयार आहेत, साठवण साध्या टाकीत होते, चिपाडावर कारखान्याचा बॉयलर चालतो.

सुरक्षिततेवर हिंडेनबर्ग वापरू नका. 1937 च्या त्या हवाई जहाजात कापडी आवरणात हायड्रोजन होता, आणि 97 पैकी 62 जण वाचले. नेमकं बोला: हवेत 4 ते 75 टक्के प्रमाणात तो पेट घेतो, ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, वास नसतो. हवेपेक्षा चौदापट हलका असल्याने उघड्यावर वर निघून जातो. बंद छताखाली साचतो, म्हणून डेपोच्या छताला वायुवीजन आणि गळतीचे सेन्सर लागतात.

मंचावर आधी समोरच्याचा पूर्वपक्ष त्याच्यापेक्षा नीट मांडा, त्याचेच आकडे घेऊन. मग खंडन करा. आणि एकक न सांगता फेकलेला प्रत्येक आकडा तिथेच थांबवा: किलोमागे की लिटरमागे, मेगावॉट की मेगावॉट-तास, टाकीपासून मोजलं की वीजकेंद्रापासून?