स्कायहून गेलेल्या बाईचं नाव कसं शोधलं

सासूबाईंच्या खापरपणजोबांची बहीण १८५२ साली ‘हर्क्युलीस’ जहाजानं ऑस्ट्रेलियाला गेली. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या आमच्या घरात तिला नुसतं ‘ती गेलेली’ म्हणायचे. नाव सापडायला मला दोन हिवाळे लागले. तुमच्याकडेही असं कुणी असेल, तर त्यांना गर्दीतून बाहेर काढून नावानं आठवा.

सुरुवात मागे राहिलेल्या भावंडापासून करा. स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून सरकारी नोंदणी आहे आणि मृत्यूच्या दाखल्यात आईचं माहेरचं आडनावही असतं. त्यावरून १८५१ च्या जनगणनेत ते घर गाठा. १८४१ ची जनगणना तारखेसाठी धरू नका, तिच्यात मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत उतरवलेली असतात. आता तेच घर १८६१ मध्ये पाहा. कोण नाही?

मग जहाजाची यादी. ब्रिटनमधून निघणाऱ्यांच्या सरकारी याद्या १८९० पासूनच्याच टिकल्या आहेत, त्यामुळे आधीच्यांसाठी उतरल्या बंदराच्या याद्या बघा. १८५२ ते १८५७ मध्ये हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटी या स्थलांतराला मदत करणाऱ्या संस्थेनं पाठवलेल्यांची यादी मात्र एडिनबराच्या राष्ट्रीय दफ्तरात आहे: कुटुंबवार, वय आणि गावासकट.

नावांपाशी घाई करू नका, मी इथेच अडकले होते. घरात, गेलिक भाषेत, ती ओइरिक. जहाजावरच्या कारकुनानं लिहिलं एफी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीतल्या मृत्यूच्या दाखल्यावर युफेमिया. तिघी एकच, हे त्या दाखल्यावरच्या आईबापांच्या नावांनी कळलं. त्यात ‘वसाहतीत किती वर्षं’ असाही रकाना असतो. मृत्यूच्या सालातून ती वर्षं वजा केली की उतरल्याचं साल निघतं.

वाटेत काय झालं तेही लिहून ठेवा. ‘हर्क्युलीस’वर देवी पसरल्या आणि जहाज आयर्लंडच्या कॉर्कला अडकून पडलं. यादीतल्या कितीतरी जणांचा प्रवास तिथेच संपला.

थडग्याच्या जुन्या दगडावरची अक्षरं वाचायची असतील तर ब्रश लावू नका, दगड सोलतो. तिन्हीसांजेला बाजूनं, तिरका टॉर्च धरा. तिच्या आईच्या दगडावरची अक्षरं मला तशीच दिसली.

गेल्या डिसेंबरात आम्ही स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलटाउनच्या धक्क्यावर गेलो. जहाज तिथूनच सुटलं होतं. सासूबाईंनी पाण्याकडे तोंड करून तिन्ही नावं घेतली, ओइरिक सगळ्यात शेवटी.