इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडायचा?

ऑफर मान्य झाली की इस्टेट एजंटचा पहिला प्रश्न असतो, "तुमचा सॉलिसिटर कोण?" (सॉलिसिटर म्हणजे घराच्या व्यवहाराचं कायदेशीर काम पाहणारा वकील.) आपल्याकडे नाव तयार नसलं की तोच एक नाव सुचवतो आणि त्या आनंदात आपण मान डोलावतो. एजंटने सुचवलेली फर्म वाईटच असेल असं नाही. पण त्या शिफारशीमागे अनेकदा रेफरल फी असते, म्हणजे गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल फर्मने एजंटला दिलेले पैसे. ती लपवता येत नाही, त्यामुळे किती आहे ते सरळ विचारा. मॉर्गेज (गृहकर्ज) देणाऱ्या बँकेचं 'अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल' (साधारण किती कर्ज मिळेल याचं प्राथमिक पत्र) हातात आलं की घरं पाहत असतानाच सॉलिसिटर शोधायला लागा.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये स्टँप ड्यूटीच्या जागी वेगळा कर आहे. स्कॉटलंडमध्ये तर ऑफरच सॉलिसिटरमार्फत जाते, त्यामुळे तिथली रीत वेगळी.

महाराष्ट्रात घर घेतलेल्यांना साठेखत आणि खरेदीखत माहीत असतं. इंग्लंडमध्ये साधारण त्या जागी 'एक्स्चेंज' (सही केलेल्या करारांची अदलाबदल) आणि 'कम्प्लीशन' (उरलेले पैसे देऊन ताबा घेणं) येतात. फरक असा, की एक्स्चेंज होईपर्यंत कोणीच बांधील नसतं. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे जाऊ शकतो, तुम्हीही माघार घेऊ शकता. एक्स्चेंजला साधारण १० टक्के डिपॉझिट भरलं की मात्र मागे फिरणं महागात पडतं. ऑफर ते एक्स्चेंज हे अधांतरी महिने किती लांबणार, यातला मोठा भाग तुमच्या सॉलिसिटरच्या टेबलावर ठरतो.

पायरी १: आधी आपली फाइल ओळखा

फर्म चांगली की वाईट हे नंतर पाहू. तुमच्यासारखी फाइल ती नेहमी हाताळते का, हे आधी पाहायचं. फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) टेरेस्ड (ओळीतलं, शेजारच्या घरांना जोडलेलं) घर, पैसे इथल्याच पगारातून साठवलेले, दुसरी मालमत्ता कुठेही नाही, अशी सरळ फाइल बहुतेक कोणीही नीट करेल.

लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर (लीजवर) घेतलेल्या, फ्लॅटचं तसं नाही. लीजची किती वर्षं उरली, ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) किती, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) कसा वाढत गेला, हे सगळं कागदांतून शोधावं लागतं. मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की लीज वाढवून घेणं महाग पडतं. इमारत किमान ११ मीटर उंच किंवा पाच मजली असेल, तर २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला लागलेल्या आगीनंतर आलेल्या २०२२च्या बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्टची कागदपत्रंही लागतात. काही फर्म असे फ्लॅट घेतच नाहीत. ही गोष्ट सहाव्या आठवड्यात कळण्यापेक्षा पहिल्या फोनवर कळलेली बरी.

मग आपल्या लोकांचा खास विषय, भारतातलं घर. पुण्यात तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर फ्लॅट असेल तर इंग्लंडमधल्या स्टँप ड्यूटीत तो धरला जातो. मालमत्ता जगात कुठेही असली तरी नियम तोच. १ एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी ४ लाख पौंडांच्या घराचा हिशेब करून पाहा. आयुष्यातलं पहिलंच घर असेल तर ड्यूटी ५,००० पौंड. ती सवलत नसेल तर १०,००० पौंड. आणि भारतातला फ्लॅट कायम ठेवून हे घर घेत असाल, तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागून एकूण ३०,००० पौंड. इथे भाड्याने राहत असलात तरी सूट नाही. नवरा-बायकोपैकी एकाच्याच नावावर भारतात फ्लॅट असेल आणि इथलं घर दुसऱ्याच्या एकट्याच्या नावावर घेतलं, तरीही अधिभार चुकत नाही.

यात बारकावे आहेत. त्या मालमत्तेतल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर अधिभारासाठी ती धरत नाहीत. वारशाने आलेला ५० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा पहिली तीन वर्षं वगळला जातो. नुसती शेतजमीन म्हणजे घर नव्हे. पण आजोबांच्या वाड्यात चार भावंडांची नावं लागली असतील तर तेही सॉलिसिटरला सांगा, अगदी 'तिथे कोण राहतंय आता' असं वाटत असलं तरी. गंमत अशी, की बऱ्याच फर्म आपल्या अटींच्या पत्रातच लिहून ठेवतात की आम्ही करविषयक सल्ला देत नाही. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, "भारतातल्या मालमत्तेबद्दल अधिभार लागेल की नाही, हे तुम्ही सांगाल की मला वेगळा टॅक्स अ‍ॅडव्हायझर लागेल?"

पायरी २: भारतातून येणाऱ्या पैशांची गोष्ट आधीच काढा

आई-वडिलांनी डिपॉझिटसाठी मदत करणं आपल्याला इतकं साहजिक वाटतं, की त्याचे पुरावे मागितले तर अपमान झाल्यासारखं होतं. पण मनी लाँडरिंगच्या कायद्यामुळे सॉलिसिटरला पैशाचा उगम तपासावाच लागतो. आई-बाबांचे पासपोर्ट, काही महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, मोडलेल्या एफडीची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत, आणि 'ही भेट आहे, परत नको, घरात हिस्साही नको' असं पत्र हे सगळं लागतं. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागतील. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. त्यामुळे रक्कम मोठी असेल तर कोणाच्या खात्यातून किती आणि कधी, हे मार्चच्या आधीच आखून ठेवा.

परदेशातून आलेली भेट स्वीकारतच नाही, असं धोरण काही फर्मचं असतं. ते त्यांच्या वेबसाइटवर ठळक लिहिलेलं सापडेलच असं नाही, विचारावं लागतं.

पैसे भेट नसून आई-वडिलांना खरोखर हिस्सा द्यायचा असेल, तर भेटीच्या पत्रावर सही करू नका. त्यासाठी वेगळा दस्त करावा लागतो. बँकेलाही कळवावं लागतं, आणि तुमचा सॉलिसिटर बहुधा बँकेचंही काम करत असल्याने त्याला ते लपवता येत नाही.

पायरी ३: तीन नावं काढा आणि तपासा

नावं मित्रांकडून घ्या, ऑफिसातून घ्या, लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या ठिकाणी ओळखीतून घ्या. 'चांगला आहे का?' असं विचारलंत तर 'हो हो, छान आहे' एवढंच उत्तर मिळेल. 'ई-मेलला किती दिवसांनी उत्तर यायचं? शेवटच्या आठवड्यात फोन कोण उचलायचं?' असं विचारा. मराठी, गुजराती किंवा हिंदी बोलणारा सॉलिसिटर मिळाला तर बोलणं सोपं होतं, भारतातली कागदपत्रंही त्याला परकी वाटत नाहीत. तरी पुढच्या तपासण्या त्यालाही लागू.

सॉलिसिटर असेल तर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या यादीत नाव हवं. लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (मालमत्तेच्या व्यवहारांचा परवाना असलेला तज्ज्ञ) असेल तर काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सच्या यादीत. घराच्या व्यवहारासाठी दोघेही चालतात. लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम ही मान्यता असली तर उत्तम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या बँकेच्या पॅनेलवर (बँकेने मान्य केलेल्या फर्मच्या यादीत) ती फर्म आहे का? नसेल तर बँक स्वतःसाठी वेगळा सॉलिसिटर नेमू शकते आणि त्याची फीही तुमच्याच खिशातून जाते.

जवळचाच हवा का? माझं मत असं, की पोस्टकोडसाठी हट्ट नको, पण गाठता येईल इतका जवळचा असावा. लँड रजिस्ट्री या सरकारी कार्यालयातली मालकीची नोंद आणि बहुतेक सर्च (त्या जागेबद्दलच्या तपासण्या) आता ऑनलाइन होतात, त्यामुळे लांबच्या फर्मलाही काम जमतं. स्थानिक फर्मला मात्र तिथली माती माहीत असते, अगदी शब्दशः. नॉटिंगहॅमशर किंवा डरहममध्ये जुन्या कोळसा खाणी, कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या, चेशरमध्ये मिठाच्या. तिथे कुठला जादा सर्च मागवायचा हे त्यांना सांगावं लागत नाही. शिवाय कुठल्या सोसायटीची मॅनेजमेंट कंपनी कागद द्यायला महिना लावते, तेही त्यांना ठाऊक असतं. आणि काम अडलं तर शनिवारी नसलं तरी सोमवारी दारात जाऊन उभं राहता येतं.

पायरी ४: फोन करा आणि विचारा

फोनवर गोड बोलणारा माणूस अनेकदा विक्री विभागातला असतो. म्हणून पहिला प्रश्न हा: माझी फाइल नक्की कोण पाहणार, त्या व्यक्तीची पात्रता काय आणि ती रजेवर गेली तर कोण? त्या व्यक्तीकडे सध्या किती फाइली आहेत, हेही विचारा. उत्तर टाळलं तर तेही एक उत्तरच. मग तुमची फाइल दोन वाक्यांत सांगा: लीजहोल्ड, सहाव्या मजल्यावर, डिपॉझिटचा काही भाग नाशिकहून येणार. पुढून आलेल्या प्रश्नांवरून कळतं की त्यांनी असं काम केलंय की नाही. लाइफटाइम आयसा या सरकारी बोनस मिळणाऱ्या बचत खात्यातले पैसे वापरणार असाल तर तेही आत्ताच सांगा. ते पैसे सॉलिसिटरमार्फतच काढावे लागतात आणि घराची किंमत ४,५०,००० पौंडांपेक्षा जास्त असून चालत नाही.

पायरी ५: कोटेशन नीट वाचा

घराच्या व्यवहाराचे दर वेबसाइटवर जाहीर करणं सॉलिसिटर फर्मना डिसेंबर २०१८पासून बंधनकारक आहे. पण तिथला आकडा शेवटचा नसतो. मूळ फीवर २० टक्के व्हॅट आहे का, ते पाहा. सर्चेस, लँड रजिस्ट्रीची फी, पैसे पाठवण्याचा खर्च वेगळा येतो. 'लीजहोल्ड सप्लिमेंट', 'गिफ्टेड डिपॉझिट', 'लाइफटाइम आयसा' अशा ओळींनी स्वस्त कोटेशन हळूच महाग होतं. तुमची खरी माहिती देऊन तिघांकडूनही लेखी एकूण रक्कम मागा, मगच तुलना करा. व्यवहार मोडला तर फी माफ, अशी सोय असेल तर त्यात सर्चचा खर्च येतो का, तेही विचारा. बहुधा येत नाही.

नेमणुकीचं पत्र आलं की त्यात फाइल पाहणाऱ्याचं नाव, खर्च आणि तक्रार कुठे करायची ते शोधा. तक्रार आधी फर्मकडे. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार निवारण यंत्रणेकडे जाता येतं. त्याच दिवशी फर्मचा बँक खाते क्रमांक त्यांच्या ऑफिसच्या फोनवर बोलून पडताळून घ्या. पुढे 'आमचं खातं बदललं' असा ई-मेल आला तर तो खोटाच समजा आणि त्यातल्या नंबरवर अजिबात फोन करू नका. घराच्या व्यवहारातली मोठी फसवणूक नेमकी अशीच होते.

रीमॉर्गेज (जुन्या गृहकर्जाच्या जागी नवं) असेल तर

त्याच बँकेत फक्त नवा दर घ्यायचा असेल तर सॉलिसिटर लागतच नाही. बँक बदलत असाल तर नवी बँक अनेकदा 'मोफत लीगल' देते. साध्या घरासाठी ते घ्यायला हरकत नाही. पण ती फर्म मुळात बँकेच्या कामासाठी असते, वेग तिच्या रांगेप्रमाणे आणि सल्ला जेमतेम.

लग्नानंतर जोडीदाराचं नाव घालायचं असेल, घटस्फोटात काढायचं असेल किंवा लीज वाढवायची असेल, तर आपला स्वतंत्र सॉलिसिटर घ्या. नाव घालताना जोडीदाराने कर्जाचा जो भाग अंगावर घेतला, तो किंमत मोजल्यासारखा धरून स्टँप ड्यूटी लागू शकते. त्याचं भारतात घर असेल तर आधी त्याबद्दल विचारा. आणि जुना फिक्स्ड दर ज्या दिवशी संपतो त्याच्या दुसऱ्या दिवशी कम्प्लीशन व्हावं, हे लेखी कळवा. एक दिवस आधी झालं तरी अर्ली रिपेमेंट चार्ज (मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड) बसतो.