वीज गेली तरी पंखा फिरायला हवा
आमच्या रत्नागिरीकडे जूनच्या पहिल्या वाऱ्यातच वीज जाते. पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेली घरगुती चार्जेबल बॅटरी, घेण्याआधी बेरीज करा: बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 28 वॅट, एलईडी दिवा 9, राउटर 10, म्हणजे 47. 500 वॅट-तासांच्या बॅटरीतले सव्वाचारशेच्या आसपास हाती लागतात. नऊ तास, रात्र निघते. इस्त्रीचं नाव काढू नका. बॅटरी चार्ज करायचं सोलर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण 17 अंश कलता ठेवा. माडाच्या झावळीची सावली नुसत्या कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते. भर पावसात पॅनलवर विसंबू नका. वीज असतानाच सॉकेटवरून चार्ज करून ठेवा. आणि दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर घराच्या सॉकेटमध्ये खुपसून घरभर वीज खेळवायची शक्कल कुणी सांगितली, तर साफ नाही म्हणा. ती वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल.