डोळ्यांनी चित्र काढायचा घरगुती चष्मा: या चुका टाळा

डोळ्याच्या चित्रातला किती काळा भाग बाहुली धरायचा, ती सीमा म्हणजे थ्रेशोल्ड. हा चष्मा करणाऱ्याकडून ‘थ्रेशोल्ड किती ठेवू?’ असा प्रश्न आला की खुशाल समजावं, घोडं कॅमेऱ्यातच पेंड खातंय. डोळ्याचं चित्र स्वच्छ आलं असेल तर थ्रेशोल्ड कुठेही ठेवा, बाहुली सापडते. चित्रच गढूळ असेल तर कोडमध्ये आठवडाभर डोकं घालूनही हाती काही लागत नाही. तरीही नवशिके चष्मा अर्ध्या तासात चिकटवतात आणि सॉफ्टवेअरशी महिनाभर झुंजतात.

यंत्र तसं साधं आहे. बिनकाचेची हलकी फ्रेम, एका डोळ्याकडे बघणारा छोटा वेबकॅम, डोळ्यावर अदृश्य उजेड पाडणारे एक-दोन इन्फ्रारेड एलईडी आणि बाहुलीचा मध्य शोधून त्यावरून पडद्यावर ब्रश हलवणारा प्रोग्राम. २००९ मध्ये एएलएस या मज्जातंतूंच्या आजारामुळे शरीर लुळं पडलेल्या टोनी क्वान ऊर्फ टेम्प्ट या ग्राफिटी कलाकारासाठी ‘आयरायटर’ बनला तो याच तत्त्वावर. त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला गेला, त्यामुळे हा चष्मा घरी करून बघणारे पुष्कळ झाले. चुका मात्र त्याच त्या.

फिल्टर: अर्धवट काम

साध्या वेबकॅममध्ये इन्फ्रारेड अडवणारी पातळ काच असते. लेन्स फिरवून बाहेर काढली की तिच्या मागच्या टोकाला लालसर-निळसर झाक मारणारी चौकोनी किंवा गोल चकती दिसते, तीच ही. ती काढावी लागते हे सगळ्यांना माहीत असतं. पुढच्या दोन गोष्टी विसरल्या जातात.

पहिली, काच गेली की फोकस बदलतो. तिच्या जाडीचा हिशेब धरून लेन्स बसवलेली असते, शिवाय इन्फ्रारेड प्रकाश दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा थोडा वेगळ्या जागी एकवटतो. त्यामुळे लेन्स पुन्हा फिरवून फोकस करायचा, तोही एलईडी चालू ठेवून आणि कॅमेरा डोळ्यापासून जितका लांब राहणार तितक्याच अंतरावर. भिंतीकडे बघून केलेला फोकस इथे कामाचा नाही. पापणीचे केस वेगवेगळे मोजता आले तर फोकस जमला.

दुसरी, इन्फ्रारेड आत घेतला तसा दिसणारा प्रकाश बाहेर ठेवावा लागतो. नाहीतर पडद्यावर चित्र बदललं की डोळ्यावरची चमक बदलते आणि बाहुलीची कड हलते. प्रकाश लागून डेव्हलप केलेल्या रंगीत फिल्मच्या निगेटिव्हच्या अगदी काळ्या टोकाचे दोन थर लेन्सपुढे लावले की काम होतं. कृष्णधवल निगेटिव्ह लावू नका. तिच्यातली चांदी इन्फ्रारेडही अडवते आणि मग ‘कॅमेराच खराब निघाला’ अशी ओरड सुरू होते.

काच काढताना लेन्स धारकापासून पूर्ण वेगळी करा आणि धारकाच्या तोंडावर टेप लावा. काचेचा एक कण सेन्सरवर पडला तर तो काळा ठिपका प्रत्येक चित्रात, आणि प्रोग्राम त्यालाच बाहुली समजून बसतो.

एलईडी: इथे घाई म्हणजे डोळ्याशी खेळ

ही चूक बाकी सगळ्या चुकांपेक्षा जास्त चीड आणणारी आहे. चित्र अंधुक आलं की लोक रेझिस्टर (एलईडीचा करंट आवरणारा भाग) छोटा करतात, नाहीतर सीसीटीव्हीच्या दिव्यातला जोरदार एलईडी काढून फ्रेमला लावतात. इन्फ्रारेड दिसत नाही. दिसत नाही म्हणून बाहुली आकसत नाही, डोळे मिटावेसे वाटत नाहीत. झगझगीत दिव्यापासून डोळा स्वतःला वाचवतो, इथे त्याला पत्ताच लागत नाही.

आकडे बघा. १००० सेकंदांपेक्षा जास्त वेळ डोळ्यावर पडणाऱ्या इन्फ्रारेडसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिवॅट. एलईडीच्या डेटाशीटमध्ये ‘मिलिवॅट प्रति स्टेरेडियन’ (एका ठराविक घनकोनात किती उजेड जातो) असा आकडा दिलेला असतो. त्याला अंतराच्या (सेंटीमीटरमधल्या) वर्गाने भागलं की डोळ्यावर किती पडतं याचा अंदाज येतो. समजा एलईडी १०० मिलिअँपिअरला ६० देतो. २० मिलिअँपिअरला तो साधारण १२ देईल. ३ सेंटीमीटरवर १२ भागिले ९, म्हणजे १.३. असे दोन लावले तरी ३ च्या आत. तोच एलईडी १०० मिलिअँपिअरवर चालवून दीड सेंटीमीटरवर आणला तर ६० भागिले २.२५, म्हणजे जवळजवळ २७. मर्यादेच्या अडीचपट, आणि घालणाऱ्याला काहीही जाणवणार नाही.

अरुंद झोताचा एलईडी घेऊ नका. त्याचा हाच आकडा कितीतरी जास्त असतो, शिवाय डोळ्याचा एक तुकडाच उजळतो. पसरट झोताचाच घ्या. ८५० नॅनोमीटरचा चांगला. अंधारात तो मंद लाल दिसतो, पण कॅमेऱ्याला भरपूर दिसतो. ९४० चा डोळ्याला अजिबात दिसत नाही, मात्र साध्या सेन्सरलाही तो फार कमी दिसतो. मग लोक करंट वाढवतात, आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

रेझिस्टरचं गणित अवघड नाही. या एलईडीवर साधारण १.४ व्होल्ट पडतात, यूएसबीतून ५ मिळतात. उरलेले ३.६ भागिले ०.०२ अँपिअर, म्हणजे १८० ओहम. पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. दोन एलईडी एकामागे एक जोडले तर उरतात २.२ व्होल्ट, १२० ओहम लावला की १८ मिलिअँपिअर. तीन जोडून हुशारी करू नका. रेझिस्टरसाठी जेमतेम ०.८ व्होल्ट उरतो आणि यूएसबीचा व्होल्टेज किंचित हलला तरी करंट भलताच बदलतो. सर्रास दिसणारी जोडणी म्हणजे तीन एलईडी समांतर आणि सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर. तीन एलईडी कधीच तंतोतंत सारखे नसतात. एक जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की आणखी ओढतो. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या. दोन पैसे वाचवायची ही जागा नाही.

उजेड कमी वाटला तर आधी कॅमेऱ्याचा एक्स्पोजर (प्रकाश घेण्याचा वेळ) वाढवा, मग गेन (आलेल्या सिग्नलची वाढ). करंटला हात लावायचा नाही. आणि फ्रेम डोळ्यावर चढवण्याआधी रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा. १८० ओहमवर ३.६ च्या आसपास यायला हवा. एवढं मोजण्याचा ज्याला कंटाळा येतो त्याने हा चष्मा करूच नये.

कॅमेरा वरून लावणे

भुवईजवळ कॅमेरा लपतो, दिसायला छान दिसतं. पण माणूस खाली बघतो तेव्हा वरची पापणी खाली येते आणि अर्धी बाहुली झाकते. कॅमेरा खालून, किंचित बाहेरच्या बाजूने, ३ ते ५ सेंटीमीटरवर ठेवा. चित्राच्या ६४० पिक्सेल रुंदीत डोळ्याचा ४ सेंटीमीटर भाग आला म्हणजे १ मिलिमीटरला १६ पिक्सेल मिळतात. अख्खा गाल दिसत असेल तर अर्धे पिक्सेल वाया गेले. एलईडी लेन्सपासून बाजूला ठेवा, म्हणजे बाहुली काळी दिसेल. लेन्सला अगदी चिकटून लावला तर डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून प्रकाश परत येतो, बाहुली पांढरी चमकते आणि काळा ठिपका शोधणारा कोड बावचळतो.

फ्रेम घसरते, शिव्या कोडला

आता दुसरी लाडकी चूक. डोळ्याच्या गोळ्याची त्रिज्या साधारण १२ मिलिमीटर. म्हणजे बाहुली १ मिलिमीटर सरकली की नजर सुमारे ५ अंश फिरलेली असते. उलट बघा: नजर जागची हललीच नाही, पण फ्रेम नाकावरून १ मिलिमीटर घसरली, तरी प्रोग्रामला वाटतं नजर ५ अंश फिरली. पडदा ६० सेंटीमीटरवर असेल तर ब्रश ५ सेंटीमीटर चुकला. तोही उलट्या दिशेने. फ्रेम खाली आली की कॅमेऱ्याच्या चित्रात बाहुली वर चढते, प्रोग्राम समजतो माणूस वर बघतोय, आणि रेघ वर पळते.

तिघांच्या एका गटाचा किस्सा यावर नेमका बसतो. कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्यावरच्या ठरावीक ठिपक्यांकडे बघून बाहुलीची जागा आणि पडद्यावरची जागा यांचा मेळ घालणं, झकास; पहिली पाच मिनिटं ब्रश नजरेमागे इमानदारीने फिरतो, मग हळूहळू रेघा वर सरकायला लागतात. निष्कर्ष काढला की गणित कमी पडतंय. बाहुलीच्या जागेवरून ब्रशची जागा काढणारं दुसऱ्या घाताचं समीकरण बदलून तिसऱ्या घाताचं घातलं. मध्यभाग तसाच, कोपरे मात्र वेडेवाकडे. होणारच. दोन चलांच्या तिसऱ्या घाताच्या समीकरणात १० सहगुणक असतात आणि कॅलिब्रेशनचे ठिपके होते ९. मग त्यावर कोडमध्ये थरथर कमी करणारा फिल्टर चढवला, तर ब्रश मंद झाला आणि मंदपणे वर सरकायला लागला. तीन दिवस गेले. दोषी होती कॅमेऱ्याची जाड केबल. ती उजव्या काडीवरून मोकळी लोंबत होती. माणूस कीबोर्डकडे वाकला की फ्रेम एक केसभर ओढली जायची आणि परत जागेवर यायची नाही.

इलाज मिनिटाचा होता. केबल काडीवर दोन जागी बांधली, कानामागून नेली, मानेजवळ १५ सेंटीमीटर सैल ठेवून कॉलरला चिमट्याने अडकवली. डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा घेतला. तुमच्याकडे रेघ सरकत असेल तर कोड उघडण्याआधी ही चाचणी घ्या: पडद्यावरच्या एकाच ठिपक्याकडे बघत राहा आणि दुसऱ्या माणसाला केबल हळूच ओढायला सांगा. ब्रश उडाला तर काय करायचं ते कळलं.

बाहुलीचा मध्य एकटा न वापरता डोळ्यावर दिसणाऱ्या एलईडीच्या चमकेपासून त्याचं अंतर मोजलं, तर घसरण बरीच भरून निघते. सगळी नाही. आणि कॅमेरा ज्या तारेवर टांगलाय ती तार २ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनिअमची असली तरी बोटाने टिचकी मारून बघा. चित्र थरथरत राहिलं तर आणखी एक आधार द्या. गरम गोंदाच्या एकाच थेंबावर कॅमेरा लटकवणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

कॅलिब्रेशन उरकणे

दुसऱ्या घाताच्या समीकरणाला दर अक्षाला ६ सहगुणक लागतात, म्हणून ९ ठिपके हा शहाणपणाचा किमान आकडा. ठिपका उमटला की नजर तिथे पोचायला आणि स्थिरावायला वेळ लागतो. पहिला अर्धा सेकंद टाकून द्या, पुढच्या एका सेकंदाची सरासरी घ्या. ठिपका मोठा गोळा नको, नजर त्यात कुठेही भटकते. मध्यभागी बारीक टिंब असलेलं वर्तुळ ठेवा. कॅमेरा डोक्यावर असल्याने तो डोक्याच्या मानाने नजर मोजतो, पडद्याच्या मानाने नाही. हनुवटीला आधार द्या, निदान खुर्ची तरी फिरती नको.

नजर म्हणजे पेन्सिल नव्हे

डोळा सरळ रेघ ओढत नाही. तो एका जागी थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. नजर पडेल तिथे शाई सांडणारा प्रोग्राम लिहिला तर कोळ्याचं जाळंच निघणार. रंग निवडायला बाजूला बघितलं तरी रेघ. त्यामुळे ब्रश उचलायची सोय हवीच. एका जागी ७०० ते १००० मिलिसेकंद बघितलं की बिंदू पक्का, दोन बिंदू झाले की मधली रेघ प्रोग्रामने ओढायची, ही पद्धत संथ आहे पण चित्र आपल्या मनासारखं येतं. हात चालत असतील तर ब्रश टेकवण्यासाठी सरळ एक बटण द्या.

पापणी मिटताना आणखी एक गंमत होते. ती बाहुली वरून झाकत येते, म्हणून उरलेल्या भागाचा मध्य खाली सरकतो आणि प्रत्येक मिचकावणीला रेघेला एक शेपूट फुटतं. बाहुली हरवलेल्या व्हिडिओच्या फ्रेम्स टाकणं पुरत नाही, आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन फ्रेम्सही टाका. त्यासाठी चित्र उमटवण्याआधी चार फ्रेम्सचा साठा ठेवावा लागतो. तेवढ्या विलंबाची कुरकुर करू नका.

झटपट

कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन बंद. अगदी पहिल्या मिनिटाला बंद.

खिडकीतलं ऊन आणि हॅलोजनचा दिवा, दोन्ही इन्फ्रारेड ओततात. पडदा ओढा, दिवा बदला.

एलईडी लागतो का ते मोबाइलने बघायचं तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा. मागच्यात बहुधा चांगला फिल्टर असतो आणि चालू एलईडी बंद वाटतो.

कॅमेऱ्याचा उघडा बोर्ड धातूच्या तारेला टेकला की शॉर्ट. मध्ये हीटश्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) घाला, टेपवर भागवू नका.

लिथियम बॅटरी चेहऱ्याजवळ नको. करंट यूएसबीतूनच घ्या.

नंबरचा चष्मा घालणाऱ्यांनी कॅमेरा काचेच्या आतल्या बाजूला येईल अशी फ्रेम करावी. काचेतून बघणाऱ्या कॅमेऱ्याला एलईडीची चमकच जास्त दिसते.

डोळा कोरडा पडला की पापण्या भराभर मिटतात आणि बाहुली सारखी हरवते. पंधरा-वीस मिनिटांनी फ्रेम काढा, डोळे मिटून बसा, आणि परत घातल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करा. मघाचंच चालेल असं वाटतं. चालत नाही.