भिवपुरी ते माथेरान: गारबेट पठारावरून एका दिवसाची चाल

गाडी न काढता, लोकलच्या तिकिटावर एका दिवसात जंगल, मोकळं पठार आणि कडा असं सगळं पायाखालून घालायचं असेल, तर भिवपुरी रोड स्टेशनहून गारबेट पठारावरून माथेरान ही वाट मुंबईकरांसाठी फार उत्तम आहे. माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे आणि स्टेशन पार पायथ्याशी, त्यामुळे चढ सातशे मीटरच्या आसपास भरतो. सराव असलेल्या माणसाला थांबे धरून सहा तास लागतात, नवख्यांना घेऊन निघालात तर आठ धरा. दोर लागेल अशी जागा नाही. या वाटेवर लोक अडचणीत येतात ते मुख्यतः दोन कारणांनी: उशिरा निघाल्यामुळे आणि पठारावर वाट चुकल्यामुळे.

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबरात गवत हिरवं असतं आणि सोनकी फुललेली असते. डिसेंबरात गवत पिवळं पडतं, पण हवा चालायला सुखाची असते. भर पावसात हिरवाई डोळ्यांत मावत नाही हे खरं, पण ओढे अचानक फुगतात, पठारावर धुकं दाटतं आणि कर्जत तालुक्यातल्या धरणं-धबधब्यांवर पावसाळ्यात अनेकदा मनाईहुकूम असतो. त्या दिवसांत जायचंच असेल तर आधी चौकशी करा. मार्चपासून पुढे पठारावर सावलीचा पत्ता नसतो, तेव्हा ही वाट टाळलेली बरी.

वेळेचं गणित

कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. बदलापूर लोकल भिवपुरीच्या आधीच संपते. सीएसएमटीहून भिवपुरीला पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात, म्हणून पहाटेची गाडी घेऊन सातच्या सुमाराला उतरायचं. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक आदल्या दिवशीच बघून ठेवा, परतीच्या गाड्यांवर त्याचा परिणाम होतो.

कर्जतकडे तोंड करून उभं राहिलं की माथेरानचा डोंगर उजव्या हाताला येतो, स्टेशनच्या त्याच बाजूला बाहेर पडायचं. पाली-भूतिवली धरणापर्यंतची वाट कोणीही दाखवतं. धरणाच्या पाण्यात उतरू नका. काठाचा गाळ वरून घट्ट दिसतो पण आत पाय रुततो, आणि पुढे एकदम खोल होतं.

धरणाला वळसा घालून वाट सागाची वाडीकडे चढते. धरणापासून वाडी तास-दीड तास, वाडीहून पठार पार करायला तासभर, तिथून गारबेट पॉइंटची शेवटची चढण पाऊण ते एक तास, आणि वरून दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे माथेरानला गाड्या जिथवर येतात तिथपर्यंत, झाडीतून सव्वा ते दीड तास. वाडी साडेनवाच्या आत गाठायची. अकरापर्यंतही वाडी आली नसेल, किंवा दुपारी एकपर्यंत शेवटच्या चढणीला हात लागला नसेल, तर मागे फिरा. हिवाळ्यात सहाला सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. शेवटचा माणूस कुठे आहे ते बघून वेळ मोजा, पुढे धावणाऱ्याची वेळ कामाची नाही.

पाठीवर काय घ्यायचं

पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरच्या उकाड्यात चार. वाडीच्या पुढे माथेरानपर्यंत भरवशाचं पाणी नाही असंच धरून चाला. त्यातलं एक लिटर मीठ-साखरेचं करा: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागेपर्यंत थांबू नका, दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. दोन तास नुसतं साधं पाणी ढोसलं की घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, आणि मग शेवटच्या चढणीवर पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात.

खायला दशम्या, थालीपीठ, गूळ-शेंगदाणे, काकडी. वेफर्स तहान वाढवतात. बूट खोल खाचांच्या रबरी तळव्याचे हवेत. जिममधले गुळगुळीत तळव्याचे बूट घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-दगडांच्या उतारावर, धरत नाहीत. पँट पूर्ण लांबीची आणि गुळगुळीत कापडाची घाला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवताला कुसळं धरलेली असतात. त्यांचं टोक सुईसारखं असतं आणि मागे बारीक केस, त्यामुळे लोकरी मोज्यात किंवा ट्रॅकपँटमध्ये एकदा शिरलं की चालताना आतच सरकत जातं. ओढून काढायला गेलात तर टोक तुटून राहतं. कापड उलटं करून टोकाच्या बाजूने काढा. शिवाय शिट्टी, हेडटॉर्च, क्रेप बँडेज आणि रोख पैसे. वाटेत बराच वेळ रेंज नसते, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

जंगलातली वाट आणि पठारावरची वाट

झाडीत ढोरवाट आणि माणसांची वाट ओळखायची एक साधी खूण आहे. गुरं फांद्यांखालून जातात, त्यामुळे ढोरवाटेवर छातीशी, तोंडाशी फांद्या आडव्या येतात. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या कोयत्याने तोडलेल्या दिसतात. दहा पावलं सतत वाकून चालावं लागलं की थांबा, मागच्या फाट्यावर परत जा.

पठारावर ही खूण उपयोगाची नाही. तिथे गुरं चरत पसरतात आणि सारख्याच रुंदीच्या पाच-सहा वाटा शेजारी शेजारी पडतात. त्यातल्या बऱ्याचशा चढत-उतरत नाहीत, पाण्याकडे आडव्या जातात आणि शेवटी कड्याजवळ किंवा कारवीच्या झुडपांत विरतात. म्हणून पठारावर पाय ठेवण्याआधी थांबून समोरच्या डोंगरावर आपली चढण कुठून आहे ते वाडीतल्या माणसाकडून दाखवून घ्या. त्या दिशेची एखादी ठळक खूण पकडा, सुटं झाड किंवा कातळाचा सुळका, आणि तिच्यावर नजर ठेवून चाला. वाडीतलं कोणी वाटाड्या म्हणून यायला तयार असेल तर अवश्य घ्या आणि मजुरी आधी ठरवा.

कातळ लागला की पाऊलखुणा संपतात. तिथे दगडाचा रंग बघायचा. काळपट, बुरशी धरलेल्या खडकावर जिथे पावलं पडतात तिथे फिकट, घासलेला पट्टा दिसतो. तिरप्या उन्हात तो स्पष्ट दिसतो, भर दुपारी फारसा नाही. लवकर पोचायचं आणखी एक कारण हेच.

वाट हरवलीच तर खाली दिसणाऱ्या रेल्वेच्या रुळांकडे सरळ उतरायला जाऊ नका, मध्ये कडे आहेत. ज्या ठिकाणी वाट नक्की बरोबर होती तिथपर्यंत मागे जा. सगळ्यांनी एकत्रच राहायचं, शोधायला एकेकटं पांगायचं नाही. गरज पडली तर ११२ हा आपत्कालीन नंबर लावा.

शेवटची चढण घसाऱ्याची आहे. पूर्ण तळवा टेकवून, लहान पावलांनी चढा, आणि गवताच्या झुबक्याला धरून वजन टाकू नका. दोघांत पाच-सात पावलांचं अंतर ठेवा म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याला लागणार नाही. दगड सुटला की लगेच "दगड!" म्हणून ओरडायचं.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर लावू नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड कापडाने झाकून झाडीच्या दिशेने पळा. परतीच्या पावसाच्या दिवसांत दुपारी ढग दाटले आणि वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर उघडं पठार सोडा. एकट्या झाडाखाली उभं राहू नका.

गारबेटहून पुढची वाट माथेरानच्या दाट सावलीतून जाते. दस्तुरी नाक्याला नेरळसाठी शेअर टॅक्सी मिळतात, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी रांग असते. मिनी ट्रेनच्या भरवशावर परतीचा बेत आखू नका. पावसाळ्यात नेरळपर्यंतची गाडी बंद असते आणि एरवीही फेऱ्या मोजक्याच.

घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली आणि काखेत गोचीड आहे का ते बघा. गवतातून गुरांबरोबर ते पसरतात. सापडला तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका. नंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.