छोट्या पर्यायी हायस्कूलची आकडेवारी कशी वाचावी

अमेरिकेतील पर्यायी हायस्कूल म्हणजे बहुधा अशा मुलांची छोटी शाळा, ज्यांची नेहमीच्या हायस्कूलमध्ये क्रेडिट्स (विषय पूर्ण केल्यावर मिळणारी, डिप्लोमासाठी मोजली जाणारी एकके) मागे पडली, हजेरी तुटली किंवा ज्यांना घर सांभाळून शिकावे लागते. अशा शाळेचा अहवाल हातात आला की सर्वप्रथम टक्क्यांची मुले करावीत. शेवटच्या वर्गात 12 जण असतील, तर गेल्या वर्षीचे 75 टक्के आणि यंदाचे 58 टक्के ही ‘घसरण’ फक्त दोन मुलांची असते. म्हणून किमान तीन वर्षांतील वर्गांची मुले एकत्र मोजावीत. तीन टक्केवाऱ्यांची सरासरी मात्र काढू नये, कारण दर वर्षीचा वर्ग सारखा मोठा नसतो.

पटसंख्या साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास एका ठरावीक दिवशी मोजली जाते. त्या दिवशी पटावर 60 नावे असली, तरी वर्षभरात शंभर मुले येऊन गेलेली असू शकतात, आणि शिक्षकांनी प्रत्यक्षात शिकवलेले असते ते या शंभरांना. वांशिक वर्गवारीत हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेला) म्हणून नोंद झालेला विद्यार्थी, त्याचा वंश कोणताही असो, त्याच एका रकान्यात मोजला जातो, हेही ध्यानात ठेवावे. गरिबीच्या आकड्याबाबत अधिक सावध राहावे. शासकीय दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना मोफत आणि 185 टक्क्यांपर्यंतच्या घरांतील मुलांना सवलतीच्या दरात जेवण मिळते. परंतु काही शाळा कोणाचाही अर्ज न घेता सरसकट सगळ्यांना मोफत जेवण देतात, आणि मग रकान्यात 100 टक्के दिसू शकतात. तो आकडा जेवणाच्या योजनेविषयी सांगतो, प्रत्येक घराच्या मिळकतीविषयी नाही. तारांकित किंवा ‘50 टक्क्यांहून कमी’ अशा मोघम नोंदी दिसल्या, तर लपवाछपवीचा संशय घेऊ नये. गट इतका लहान असतो की नेमका आकडा दिल्यास मूल ओळखू येईल.

पदवीप्राप्तीचा, म्हणजे हायस्कूल पूर्ण करण्याचा, दर हा सर्वांत जास्त गैरसमज करून देणारा आकडा आहे. नववीत पहिल्यांदा प्रवेश घेतल्यापासून चार वर्षांत किती जणांना नियमित डिप्लोमा मिळाला, हे तो सांगतो. अकरावीत अर्धीच क्रेडिट्स घेऊन आलेला विद्यार्थी आपले नववीचे वर्ष सोबत घेऊन येतो. त्याने पाचव्या वर्षी डिप्लोमा मिळवला, तरी चार वर्षांच्या हिशेबात तो अपयशीच ठरतो. म्हणून पाच आणि सहा वर्षांचा दर उपलब्ध असल्यास तो अवश्य शेजारी ठेवून पाहावा. 2015 च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्यानुसार एक तृतीयांश किंवा अधिक विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत नेऊ न शकलेल्या सार्वजनिक हायस्कूलची सुधारणेसाठी निवड होते. शंभरहून कमी विद्यार्थी असलेल्या हायस्कूलपुरती सुधारणेची पावले न उचलण्याची मुभा राज्य स्थानिक शालेय जिल्ह्याला (त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला) देऊ शकते. तेव्हा ‘यादीत नाव आहे’ एवढ्यावरून शाळा वाईट ठरवणे मला उतावीळपणाचे वाटते.

परीक्षेचे निकाल पाहताना छेद तपासावा. समजा 20 पात्र विद्यार्थ्यांपैकी 12 जण गणिताच्या परीक्षेला बसले आणि त्यांतील सहा जण अपेक्षित पातळीला पोहोचले. साध्या हिशेबाने हे 50 टक्के झाले. पण किमान 95 टक्के पात्र विद्यार्थ्यांनी परीक्षेला बसावे या अटीमुळे शाळेच्या सरकारी मूल्यमापनाच्या गणनेत छेद 19 धरला जातो आणि आकडा सुमारे 32 टक्क्यांवर येतो. मधली तफावत गणिताच्या शिकवणीची नसून परीक्षेच्या दिवशी न आलेल्या मुलांची आहे. उलट, अर्ध्याहून कमी वर्ष शाळेत असलेली मुले या गणनेत धरली जात नाहीत.

यानंतर मुख्याध्यापकांना भेटून अहवालात बहुधा नसलेली एक गोष्ट विचारावी: नव्याने आलेला विद्यार्थी आधीच्या शाळेत एका सत्रात किती क्रेडिट्स मिळवत होता आणि इथे किती मिळवतो? ज्या शाळेकडे याची नोंद आहे, तिथे उत्तर वहीतून वाचून दाखवले जाते.