सिडनीतून आजी-आजोबांना कॉल: वेळ भारताची लावा

सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. भारताशी फरक कधी साडेपाच तास, कधी साडेचार. मग ठरलेला व्हिडिओ कॉल हुकतो.

१. फोनच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याचा कॉल टाकताना टाइम झोन सिडनीऐवजी कोलकाता निवडा.
२. वेळ भारतातलीच लिहा, समजा दुपारी दीड.

इकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला आठवण वाजेल, हिवाळ्यात ६ ला. आजोबांची वामकुक्षी कशाला हलवायची? आपलंच जेवण मागेपुढे करावं.

ब्रिस्बेनची मावशीही कॉलवर असेल तर जपून: तिथे घड्याळ बदलत नाही, तिचे बाराही महिने ६ च.